काळा भैरू, पांढरी साखर आणि मधले सगळे करडे

प्रश्न: मी सांगलीत बँकेत नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी साधा डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स आल्या. घरी भैरू नावाचा काळा कुत्रा आणि साखर नावाची पांढरी मांजर आहे. सुटीला दंडोबाच्या डोंगरावर, कधी सह्याद्रीत जातो. कृष्णधवल फोटोंचं वेड आहे. पण भैरू कधी राखाडी येतो, कधी नुसता डांबराचा गोळा. साखर मळकट दिसते. डोंगर-झाडांचे फोटो रंग काढले की पिठल्यासारखे होतात. कॅमेरा बदलू का? की फिल्मकडे वळू? चार फोटो पाठवतोय. चौथा फसलाय, तरी पाठवतोय.

उत्तर:

कॅमेरा बदलू नका. चारही फोटो मोठे करून पाहिले; कॅमेऱ्याला बोल लावावा असं त्यात काही सापडलं नाही. तुम्ही रंगीत बघता, रंगीत टिपता आणि रात्री जेवणं झाल्यावर रंग काढून टाकता. रंग गेल्यावर काय उरेल याचा विचार बटण दाबताना झालेलाच नसतो. मग जे उरेल ते पदरात.

मला हे एका कुंकवानं शिकवलं. ऐंशीच्या दशकात मी कोल्हापुरात होतो. हातात याशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा होता: वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्सनं फोटो निघायचा. भाद्रपदातले ढग टिपायला खालच्या लेन्सवर गडद लाल फिल्टर चढवून दिवसभर पंचगंगेच्या घाटावर फिरलो. संध्याकाळी घरी आलो तर आत्या दारात तांदूळ निवडत बसलेली, तोंडावर उतरतं ऊन. दोन फोटो काढले. लाल फिल्टरसाठी तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून धरायची सवय दिवसभरात हाताला लागली होती, त्यामुळं एक्सपोजर बरोबर आलं. फिल्टर मात्र डोक्यातून पार गेला. वरच्या लेन्समधून तो दिसतही नव्हता. रात्री न्हाणीघरात लाल दिव्याखाली प्रिंट उमटायला लागली आणि मी खूश! चेहरा कसा उजळलेला, सुरकुत्या मऊ झालेल्या. सकाळी आत्यानं फोटो हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "माझं कुंकू कुठं गेलं रं?" आतोबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते, चांगले धडधाकट. पण फोटोतलं कपाळ पांढरं.

झालं होतं असं की लाल काचेतून लालच उजेड आत जातो. त्या उजेडात कुंकू आणि कातडी, दोन्ही सारखीच उजळ. आता उलटी गंमत बघा. घरातले फार जुने, आजी-पणजीच्या काळातले फोटो काढा. त्यात कुंकू काळंकुट्ट, काजळाचा टिळा लावावा तसं दिसतं. त्या काळातल्या बऱ्याच निगेटिव्हच्या काचा आणि फिल्मा ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल उजेड त्यांना दिसतच नसे. तेच कुंकू माझ्या फोटोत गायब, पणजीच्या फोटोत काळं. लाल रंगाचा करडा कोणता हे कुठंही लिहून ठेवलेलं नाही. ते ठरवावं लागतं. तुम्ही ठरवलं नाहीत तर सॉफ्टवेअर ठरवतं.

आणि ते कसं ठरवतं तेही बघा. नुसतं रंग काढायचं बटण दाबलं की बहुतेक ठिकाणी एक ठरीव हिशोब चालतो: लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९, निळ्याचे ११, करा बेरीज. आपला डोळा हिरव्याला जास्त चटकन दाद देतो म्हणून हे प्रमाण. तुमच्या अंगणातली जास्वंद घ्या. समजा फुलाचे आकडे लाल २००, हिरवा ३०, निळा ४० आहेत आणि पानाचे लाल ६०, हिरवा १००, निळा ४०. हिशोब केलात तर फूल येतं ८२ आणि पान ८१. डोळ्याला आग आणि पाणी वाटावं इतका फरक, आणि कागदावर दोघंही एकाच करड्यात बुडाले. तुमचं पिठलं झालं ते इथं. आता त्याच फोटोत फक्त लाल घटक धरा: फूल २००, पान ६०, म्हणजे काळोख्या झाडीत पांढरं फूल. फक्त हिरवा धरा: फूल ३०, पान १००, आता उजळ पानांत काळं फूल. फोटो एकच, बाजू दोन. यातली कुठली हवी ते झाडासमोर उभं असतानाच मनात आलं पाहिजे. पुढचे पंधरा दिवस दुसरं काही करू नका, ही जास्वंद करा. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये कृष्णधवलसाठी आठ रंगांच्या आठ सरकपट्ट्या असतात. फुकटात हवं तर डार्कटेबल आहे, त्यातही रंगांचं प्रमाण हातानं ठरवता येतं.

यासाठी फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. पट्ट्या ओढायला लागलात की जेपेगमधलं आभाळ पायऱ्या-पायऱ्यांचं दिसायला लागतं, तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसतंय तसं. एक सोय बहुतेकांना माहीत नसते: कॅमेऱ्यात फोटोची शैली मोनोक्रोम लावा आणि फाइल रॉ ठेवा. मागच्या पडद्यावर चित्र कृष्णधवल दिसतं, आत रंग शाबूत राहतात. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर समोरचं दृश्य बघायची सोय) चालू केलात तर फोटो काढायच्या आधीच समोरचं अंगण करडं दिसेल. महिनाभर असं बघितलं की डोळ्याला वळण लागतं.

आता भैरू. कधी राखाडी, कधी डांबर ही तक्रार मला फार आवडली, कारण दोन्हीमागं एकच गडी आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर हा प्रामाणिक मूर्ख असतो. समोर कुत्रा आहे की चुन्याची भिंत, त्याला देणंघेणं नाही. जे काही आहे त्याची सरासरी मध्यम करड्याजवळ आणायची, एवढंच त्याला ठाऊक. नव्या कॅमेऱ्यांत थोडी हुशारी भरलीय, पण मूळ स्वभाव जात नाही. तुमच्या पहिल्या फोटोत भैरूचं तोंड चौकटभर आहे. मीटरला वाटलं, फार अंधार आहे. त्यानं उजेड वाढवला, भैरू राखाडी झाला. उजेड वाढवायला शटर सावकाश केलं म्हणून नाकही हललं. दुसऱ्या फोटोत भैरू लहान आणि मागं उन्हातली पिवळी भिंत. आता मीटरला वाटलं, फार उजेड आहे. त्यानं कमी केला, झाला डांबराचा गोळा.

पहिल्या प्रकारावर इलाज सोपा. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरचा अंदाज वर-खाली करायची सोय, उणे एक करा. शटरही जलद होईल. दुसऱ्या प्रकारात अधिक एक करून भैरू वर येईल, पण भिंत जळेल, म्हणजे नुसती कोरी पांढरी होईल. तिथं आकडे बदलण्यापेक्षा कुत्रा हलवा, किंवा बिस्किटाचा पुडा घेऊन स्वतः हला. आणि भैरू गाढ झोपलेला असेल, हलायची भीती नसेल, तर उणे करायचीही गरज नाही: पांढरं काही जळत नाही एवढं बघून भरपूर उजेडात टिपा आणि रॉमध्ये नंतर खाली ओढा. कण-कण दिसतात ते अंधाऱ्या भागात, म्हणून काळ्याला जितका उजेड देता येईल तितका बरा.

खाली ओढायचं ते कुठपर्यंत? अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १० अशी शिडी बसवली. झोन सिस्टिम म्हणतात ती हीच. मध्यम करडा पाचव्या पायरीवर, प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप. काळी पण केस न् केस दिसणारी वस्तू तिसऱ्या पायरीच्या आसपास बसते. भैरूला तिथं बसवा. त्याखाली गेला की डांबर, पाचच्या जवळ आला की राख. एवढं समजलं की बाकीची झोन सिस्टिम आत्ताच पाठ करू नका. मी केली होती आणि दोन वर्षं एकही जिवंत फोटो निघाला नाही.

पण पायरी बरोबर आली तरी काळा कुत्रा सपाटच दिसू शकतो, आणि खरी गोम इथं आहे. काळा केस उजेड गिळतो. त्याचा आकार कळतो तो चकाकीवरून. डोक्याला तेल लावून बसलेल्या माणसाच्या भांगाजवळ जी पांढरी रेघ दिसते ना, तीच भैरूच्या पाठीवर, गालावर, नाकावर हवी. ती रेघ म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब. खिडकी लहान तर ठिपका, मोठी तर लांबलचक मऊ पट्टा. म्हणून कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला काळं कुत्रं कधी सापडत नाही. शिवाय कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागं एक चकाकणारा थर असतो, अंधारात बघता यावं म्हणून. त्यावर फ्लॅश पडला की कृष्णधवलमध्ये डोळ्यांच्या जागी दोन पांढरी भोकं येतात. फ्लॅश बंद.

भैरूला उंबरठ्यावर बसवा. तुम्ही खोलीत आतल्या बाजूला, दार तुमच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला आणि त्याच्या थोडं मागं. आषाढातलं ढगाळ आभाळ म्हणजे फुकटातली सर्वांत मोठी खिडकी. अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर खुर्चीवर टाकलीत तर तो गालही हलका उजळेल. लेन्स ५५ वर, लेन्सचं भोक एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, शटर १/१२५ ते १/२५०. आयएसओला घाबरू नका; रंगीत फोटोत जी घाण वाटते ती कृष्णधवलमध्ये कणीसारखी खपून जाते. फोकस डोळ्यावर धरा, आणि कॅमेरा काळ्यात काळं शोधत घरघर करत राहिला तर डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्यावर किंवा मिशीवर. फोकसला फरक लागतो; काळ्या लोकरीत त्याला धरायला काही मिळत नाही.

आणि झोपा. म्हणजे तुम्ही, फरशीवर. एलियट अर्विट या छायाचित्रकाराचा १९४६ सालचा न्यूयॉर्कमधला एक फोटो आहे: स्वेटर घातलेलं इवलंसं चिवावा कुत्रं आणि शेजारी बाईची फक्त पावलं. कॅमेरा कुत्र्याच्या उंचीवर गेला आणि माणूस घोट्यापुरता उरला. भैरूचे तीनही फोटो उभ्यानं काढलेत; भैरूच्या टाळूचा अभ्यास छान झालाय.

त्याला हाक मारू नका. हाक मारली की तो उठून लेन्स चाटायला येतो, हा सगळ्या कुत्र्यांचा नियम आहे. कॅमेरा दोन दिवस त्याच्या जागेजवळ पडू द्या, अधूनमधून शटर वाजवा, म्हणजे त्या आवाजाची नवलाई संपते. मग हवं तेव्हा तोंडानं एकच वेगळा आवाज काढा, चुचकारल्यासारखा. कान टवकारतात, मान तिरकी होते. एक सेकंद मिळतो. दुसऱ्यांदा तोच आवाज चालत नाही. तोंडी आवाजांचा साठा जपून वापरावा लागतो.

साखरचं सगळं उलट. काळ्याला चकाकी दाखवते, पांढऱ्याला सावली. मळकट येते कारण मीटर तिलाही करडी करायला बघतो. चौकटभर असेल तर अधिक एक द्या. पण अंगावर समोरून सपाट उजेड पडला तर कितीही आकडे फिरवा, कापसाचा बोळाच दिसणार. सकाळी उन्हाची तिरीप फरशीवर घासत येते ती वेळ पकडा: प्रत्येक केसाची बारीक सावली शेजारच्या केसावर पडते आणि अंग उठून दिसतं. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. मांजराला बसवायचा प्रयत्न करू नये. ते उन्हात कुठं येऊन बसतं ते आठवडाभर बघा, तिथं आधीच जाऊन बसा आणि खराट्याचा एक हीर जवळ ठेवा. बाकी मांजराची मर्जी.

हे दोन्ही जमलं की तुमच्यासाठी परीक्षा कृष्णेच्या काठावर तयार आहे: म्हशीच्या पाठीवरचा बगळा. एकाच चौकटीत भैरू आणि साखर. बगळ्याकडं बघून एक्सपोजर धरा आणि म्हैस नंतर वर उचला. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की त्यात काही उरत नाही, काळ्यात मात्र पुष्कळ लपलेलं असतं. फिल्मवाल्यांचा मंत्र बरोबर उलटा होता, सावलीसाठी एक्सपोजर द्या आणि उजळ भाग डेव्हलपिंगमध्ये सांभाळा. जुनी पुस्तकं वाचत असाल तर हा घोटाळा होतो.

निसर्गाच्या फोटोंबद्दल जरा कडू बोलणार आहे. तुमचा तिसरा फोटो अॅडम्स डोक्यात ठेवून काढलाय हे दिसतंच. त्यांनी १९२७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत हाफ डोम या डोंगराचा उभा कडा टिपला तेव्हा जवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरनं काढली. मग वाटलं, आभाळ जसं मनाला भिडतंय तसं यात येणार नाही. दुसरीला गडद लाल फिल्टर लावला आणि आभाळ जवळजवळ काळं झालं. काळं झालं ते निळं होतं म्हणून: निळ्या आभाळात लाल उजेड थोडाच असतो, तेवढाच काचेतून आला. तुम्ही जुलैत गेलात. पावसाळ्यातलं आभाळ पांढरं, त्यात सगळेच रंग सारखे. त्याला लाल फिल्टर काय करणार आणि निळी पट्टी काय करणार? तुम्ही पट्टी तळाला नेलीत, आभाळ तसंच राहिलं, फक्त डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटली. पांढरं आभाळ सुधारत बसू नका, चौकटीतून काढून टाका. दोन तृतीयांश आभाळ होतं, ते गेलं की खाली ओला खडक, शेवाळ, ओघळ उरतात, आणि पावसाळ्यात बघायचं तेच असतं. ओल्या पानांवरची चमक नको असेल तर पोलरायझर फिरवा. तो परिणाम नंतर संगणकावर आणता येत नाही, म्हणून घ्यायचाच झाला तर हा एक फिल्टर घ्या.

हिवाळ्यात मात्र सह्याद्रीची मजा वेगळी. पहाटे एकामागं एक अशा रांगा दिसतात, प्रत्येक मागची पुढचीपेक्षा फिकट. हवेतले बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात, म्हणून लांबची रांग निळसर दिसते. लाल घटकावर भर दिलात की हे धुरकट कापलं जातं, लांबची रांग जवळ येते आणि पाच रांगांचं एकच ओबडधोबड भिंताड होतं. निळ्यावर भर दिलात तर प्रत्येक रांग सुटी होते, अंतर वाढतं. योसेमिटीतल्या स्वच्छ हवेची नक्कल करायला जाऊन आपली पोरं इथलं धुकंच पुसून टाकतात. आपल्याकडं धुकं हाच विषय आहे.

काही गोष्टी कृष्णधवल करूच नयेत. कास पठारावरचा फुलांचा गालिचा रंगांवरच उभा असतो. रंग काढलेत तर नुसता ठिपक्यांचा पसारा. पळसही तसाच, एक अपवाद सोडून: निष्पर्ण झाडावर केशरी फुलं, मागं स्वच्छ निळं आभाळ असेल तर केशरी पट्टी वर आणि निळी खाली करून बघा. काळ्या आभाळात पांढऱ्या पणत्या लागतात. आणि कृष्णधवलसाठीच जन्माला आलेलं झाड हवं असेल तर कांडोळ. पानं गळाली की उन्हाळ्यात त्याचं पांढरंफटक खोड चांदण्यातही दिसतं. लोक त्याला भुताचं झाड म्हणतात ते उगाच नाही. त्याला फिल्टर लागत नाही, पट्टी लागत नाही. मागं सावलीतला डोंगर येईल अशी जागा शोधायची, बस्स.

पक्ष्यांसाठी २५० ची लेन्स तोकडी पडते, म्हणून जवळ जाऊ नका. पक्षी लहानच ठेवा. धुक्यात विजेच्या तारेवर बसलेला कोतवाल, त्याची दुभंगलेली शेपटी आणि बाकी सगळं कोरं, एवढ्यात फोटो होतो. घरट्यांजवळ तर मुळीच नको. हे उपदेश म्हणून सांगत नाही, माझ्या हातून पाप झालंय. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बुलबुलाच्या घरट्यासमोर दोन फांद्या आड येत होत्या, त्या मी दोऱ्यानं बाजूला बांधल्या. फोटो सुरेख आला. दुसऱ्या दिवशी गेलो तर घरटं रिकामं, शेजारच्या झाडावर कावळे. त्या दोन फांद्या पिल्लांसाठी पडदा होत्या, हे मला फोटो काढून झाल्यावर कळलं. ती निगेटिव्ह अजून आहे, तिची प्रिंट मी परत केली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तर पक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच घातलंय.

फिल्मचं विचारलंत. आमचा नाइलाज होता म्हणून आम्ही फिल्म वापरली. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळाला तर तो, नाहीतर मुंबईहून कुणी आणलेला इलफर्ड. डेव्हलपर २० अंशांवर ठेवायचा तर मे महिन्यात नळाचंच पाणी तिसाच्या घरात. बर्फ आणून ताट थंड करायचं आणि बर्फ वितळायच्या आत रोल धुवायचा. मजा होती, नाही म्हणत नाही. पण शिकण्यासाठी आज रोल, केमिकल, स्कॅनिंग यांचा खर्च करू नका. हवी ती शिस्त फुकटात मिळते: रविवारी घरातून निघताना ठरवा, आज ३६ फोटो, आणि मागचा पडदा घरी येईपर्यंत बघायचा नाही. मोनोक्रोम पडद्याचा सराव झाल्यानंतर हे करा, आधी नको. वर्षभरानंतरही ओढ राहिली तर इलफर्डच्या एचपी५ या कृष्णधवल फिल्मचे दोन रोल घ्या.

फक्त कृष्णधवल काढणारे डिजिटल कॅमेरेही मिळतात. लायका कंपनीनं आपला पहिला २०१२ मध्ये आणला. त्यांच्या सेन्सरवर रंगांची जाळी नसते, म्हणून बारकावे सुंदर येतात. पण आत रंगच नोंदले जात नाहीत, तेव्हा जास्वंदीचा प्रयोग नंतर करता येत नाही. तिथं माझ्यासारखा लाल फिल्टर चढवावा लागतो, आणि कुंकवाकडं लक्ष ठेवावं लागतं. पैसे खर्चायचेच असतील तर ५० मिलिमीटर एफ १.८ ही साधी लेन्स घ्या. तुमच्या झूमपेक्षा ती तीन स्टॉपहून जास्त उजेड आत घेते. खिडकीतल्या भैरूला ती पुरून उरेल.

पावसाळ्यात लेन्स कातडी पिशवीत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरायचं.

आता चौथा फोटो, जो तुम्ही फसलेला म्हणताय. भैरू उंबरठ्यावर झोपलाय, पाठीवर पावसाळी उजेडाचा एक लांब पट्टा, बाहेरून आत येणारे त्याचे ओले पाय फरशीवर उमटलेत आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी चपला, एक उलटी. तुम्ही त्याला फसलेला म्हणालात कारण डोळे मिटलेत आणि तोंड सावलीत आहे. मी याच्याकडं फार वेळ बघत बसलो. वर लिहिलंय ते सगळं यात न ठरवता आलेलं आहे. फरशीची लाल छटा आणि दाराचा निळा रंग यांचे करडे सध्या एक झालेत. निळी पट्टी थोडी खाली घ्या म्हणजे दार मागं सरकेल आणि पाठीचा पट्टा पुढं येईल. तोंड उजळू नका, सावलीत राहू द्या. ओल्या पावलांचा कॉन्ट्रास्ट तेवढा हलका वाढवा. मग आठ बाय बाराची एक प्रिंट काढा, मॅट कागदावर. रंगीत कागदावर छापणाऱ्या लॅबमध्ये कृष्णधवलला कधी हिरवी, कधी जांभळी झाक येते. माझी एक अख्खी ऑर्डर अशी शेवाळलेली आली होती. म्हणून आधी पोस्टकार्डाएवढा नमुना मागा, तो दिवसाउजेडी दारात धरून बघा आणि मगच मोठी करा. पिगमेंट शाईवर छापणारा कुणी सापडला तर उत्तम.

कापाकापी करताना उलट्या चपलेला हात लावू नका.